पहिलं मशीन कुठलं घ्यायचं? नवीन वायरमनसाठी, बॉश-मकिता-डिवॉल्टच्या भांडणात पडायच्या आधी

माझ्या हाताखाली शिकून बाहेर पडणारा प्रत्येक पोरगा पहिलं स्वतःचं काम मिळालं की संध्याकाळी फोन करतो आणि एकच विचारतो, दादा बॉश घेऊ का मकिता घेऊ का डिवॉल्ट. मी उलट विचारतो, काम काय मिळालंय? तर म्हणतो टू बीएचकेचं रिनोव्हेशन. भिंती कशाच्या आहेत? इथे गडी गप्प. अरे भिंत कशाची तेच माहीत नाही आणि मशीनचा रंग ठरवून बसलाय, निळा का पिवळा का हिरवट. म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या फोनला हेच पाठवून देईन.

सुरुवातीलाच माझं मत सांगतो, पटलं तर पुढे वाचा. इलेक्ट्रिकलच्या कामात एकच ब्रँड सगळ्यात भारी असं काही नसतं. वायरचं, म्हणजे प्लगला लावून चालणारं, मशीन घेताना बघायचं की तुमच्या गावात ते दुरुस्त कोण करतं, आणि बॅटरीचं घेताना बघायचं की पुढची पाच-सात वर्षं कुणाच्या बॅटरीत अडकायचंय. हे दोन सोडून बाकी सगळी चर्चा चहाबरोबर करायची.

पायरी १ : आधी वहीत काम लिहा

मागच्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही किंवा तुमच्या उस्तादाने केलेली कामं आठवा आणि हाताने खरोखर काय केलं ते लिहा. फ्लॅटचं रिनोव्हेशन असेल तर अर्धा वेळ झिऱ्या (पाईपसाठी भिंतीत कापायच्या खाचा) मारण्यात जातो, मग स्विच बॉक्सचे खड्डे, मग गिट्टीची (स्क्रू धरायला होलात घालतात ती) ६ आणि ८ मिमीची होलं, आणि शेवटी स्विचच्या प्लेटा आणि डीबीचे (एमसीबीच्या डब्याचे) स्क्रू. नवीन बिल्डिंग असेल तर पाईप स्लॅबमध्येच पडलेले असतात, तिथे झिरी कमी आणि स्लॅबला खालून होलं जास्त. कंपनीचं काम असेल, म्हणजे चाकण, रांजणगाव, वाळूज असल्या एमआयडीसीतलं, तर भिंतीला हातच लागत नाही, तिथे केबल ट्रे कापा, अँगल कापा, पॅनलच्या पत्र्याला ग्लँडची (केबल आत घ्यायच्या पकडीची) होलं पाडा, लग (केबलच्या टोकाची धातूची टोपी) दाबा. तिन्ही कामांची मशीन्स वेगळी. फ्लॅटवाल्याने कंपनीवाल्याचं बघून ग्राइंडर आधी घेतला आणि हॅमर उसना आणत बसला असं मी पाहिलंय.

आता भिंत. ही गोष्ट कोणी शिकवत नाही. पुण्या-मुंबईकडे नवीन इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, पुण्यात सगळे त्याला सिपोरेक्सच म्हणतात, कंपनी कुठली का असेना. या भिंतीत हॅमर मोड लावायचाच नाही. साधं फिरवून होल पाडायचं, कारण ठोका दिला की होल आतून मोठं होतं आणि गिट्टी गोल गोल फिरत बसते, मग लोक त्यात काडीपेटीच्या काड्या खुपसतात, आणि गिझर लटकवल्यावर काय होतं ते सांगायला नको. लाल विटेला साधं इम्पॅक्ट ड्रिलही चालतं. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा चिरा, तो मऊ आणि भोकाभोकाचा, तिथे ठोका कमी आणि गिट्टी लांब. आणि जुन्या वाड्यांच्या काळ्या दगडाला किंवा आरसीसी कॉलम-स्लॅबला रोटरी हॅमरशिवाय पर्याय नाही, तिथे इम्पॅक्ट ड्रिल नुसतं किंचाळतं, बिटचं टोक निळं पडतं आणि होल एक सेंटिमीटर.

पायरी २ : पहिला पैसा रोटरी हॅमरमध्ये घाला

रोटरी हॅमर आणि इम्पॅक्ट ड्रिल हे दोन वेगळे प्राणी आहेत हे आधी समजून घ्या कारण दुकानदार दोघांनाही हॅमरच म्हणतो. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि त्यामुळे ठोका बसतो, म्हणजे जोर तुमच्या खांद्याचा. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा आतल्या वजनाला फेकते, म्हणजे जोर मशीनचा, तुम्ही फक्त धरून उभं राहायचं. स्लॅबला वर बघून चाळीस होलं पाडायची असली की फरक संध्याकाळी मानेला कळतो.

इलेक्ट्रिशियनला लागतो तो २ किलो वर्गातला, एसडीएस प्लस बिटचा, म्हणजे खाचा असलेल्या दांडीचं बिट नुसतं दाबून बसतं तो. एसडीएस प्लसच्या बिटची दांडी १० मिमी जाड असते, आणि जी १८ मिमीची जाड दांडी दिसते ती एसडीएस मॅक्स, ती ब्रेकरवाल्यांसाठी, म्हणजे काँक्रीट फोडायच्या जड मशीनसाठी, आपल्याला नको. या वर्गात बॉशचा जीबीएच २-२६ डीआरई आहे, ८०० वॅट आणि २.७ ज्यूल. त्याचा धाकटा भाऊ जीबीएच २२०, ७२० वॅट आणि २ ज्यूल. मकिताचा एचआर २४७०, ७८० वॅट आणि २.४ ज्यूल. डिवॉल्टचा डी २५१३३, ८०० वॅट. वॅटकडे फार बघू नका, वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं, ठोका किती देतं ते ज्यूलमध्ये लिहिलेलं असतं. डब्यावर ज्यूल लिहिलेलाच नसेल तर ते मशीन मी तरी हातात घेत नाही.

गंमत म्हणून सांगतो, बॉशची ही नावं जर्मन आहेत. जी म्हणजे गेवेर्बे, म्हणजे धंदा, व्यवसाय. बी-एच म्हणजे बोरहामर. २-२६ म्हणजे साधारण २ किलोचा वर्ग आणि काँक्रीटमध्ये २६ मिमीपर्यंतचं होल. हे एकदा कळलं की कॅटलॉग वाचता येतो, जीएसबी म्हणजे इम्पॅक्ट ड्रिल, जीडब्ल्यूएस म्हणजे अँगल ग्राइंडर, जीएनएफ म्हणजे वॉल चेझर, झिरी मारायचं मशीन. मकितामध्ये एचआर म्हणजे रोटरी हॅमर आणि पुढे डी लागला, डीएचआर, की तो बॅटरीवरचा.

घेताना तीन गोष्टी हातात घेऊन तपासा. एक, तीन मोड पाहिजेत, नुसतं फिरणं, फिरून ठोकणं आणि नुसतं ठोकणं. तिसरा मोड नसेल तर बॉक्सचे खड्डे छन्नी-हातोडीनेच करावे लागतील. दोन, सेफ्टी क्लच. बिट सळईत अडकलं की क्लच सुटला पाहिजे, नाहीतर मशीन फिरतं आणि मनगट मुरगळतं, शिडीवर असाल तर माणूस खाली. म्हणूनच बाजूचं हँडल काढून ठेवू नका, निम्म्या साइटवर ते डब्यातच पडलेलं असतं. तीन, रिव्हर्स. अडकलेलं बिट बाहेर काढायला लागतो.

फक्त एक लक्षात ठेवा की हा २ किलोवाला वीट आणि प्लास्टर फोडतो, बॉक्स बसवायला मस्त, पण याच्याने दिवसभर काँक्रीट फोडायला बसलात तर महिन्यात आवाज बदलतो. काँक्रीट फोडायचं काम वर्षातून चार दिवस येतं, तेव्हा ब्रेकर भाड्याने आणा.

पायरी ३ : झिरीचं मशीन, आणि इथे थोडं थांबा

आपल्याकडे नव्वद टक्के लोक मार्बल कटरनेच झिरी मारतात, आकडा मी डोळ्याने मोजलेला नाही पण कुठल्याही साइटवर जाऊन बघा. ११० मिमीची डायमंड ब्लेड, दोन समांतर रेषा मारायच्या आणि मधलं छन्नीने उडवायचं. चालतं. स्वस्तही आहे. पण ब्लेड उघडी, धूळ तोंडावर, आणि लोक बटणाला टेप लावून मशीन कायम चालू ठेवतात, हे शेवटचं मात्र माझ्या साइटवर कुणी केलं तर त्याला त्या दिवशी मशीन मिळत नाही.

वॉल चेझरमध्ये दोन ब्लेडी शेजारी शेजारी, दोघांमधलं अंतर बदलता येतं, खोली सेट करता येते आणि व्हॅक्यूमची नळी लागते. बॉशचा जीएनएफ ३५ सीए १४०० वॅटचा, १५० मिमीच्या ब्लेडी, खोली ३५ मिमीपर्यंत. मकिताचा एसजी १२५१ पण १४०० वॅटचाच, १२५ मिमी ब्लेडी आणि खोली ३० मिमी. आता हा ५ मिमीचा फरक कागदावर काहीच वाटत नाही पण २५ मिमीचा पाईप टाकायचा असेल तर त्याच्यावर प्लास्टर बसायला जागा लागते, ३० मध्ये ती ५ मिमीच उरते, आणि मग रंग झाल्यावर दोन महिन्यांनी पाईपच्या बरोबर रेषेत तडा. २० मिमीचेच पाईप वापरत असाल तर दोन्ही सारखेच. म्हणजे इथे ब्रँड तुमचा पाईप ठरवतो.

पण नवीन माणसाने पहिल्या वर्षी चेझर घ्यावा का? माझं मत, नको. महिन्यात दोन फ्लॅट सलग येत असतील तरच. तोपर्यंत चांगल्या कंपनीचा मार्बल कटर, त्याची ब्लेड मात्र स्वस्तातली नको, आणि चेझर भाड्याने. माणसं राहत असलेल्या घरात काम असेल तर भाडं ग्राहकाच्या कोटेशनमध्ये आधीच धरा आणि सांगा की धूळ कमी होईल, बायका लगेच हो म्हणतात, खरंच.

धुळीचं हसण्यावारी नेऊ नका. सिमेंट, वाळू, वीट यांच्या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात बसली की निघत नाही. रुमाल बांधून काही होत नाही, एन ९५ मास्क आणि चष्मा, दोन्ही. आणि पाणी मारून धूळ बसवायची आयडिया करू नका, हातात चालू मशीन आणि खाली पाणी, आपण इलेक्ट्रिशियन आहोत राव.

दोन गोष्टी मशीनच्या नाहीत तरी इथेच लिहितो नाहीतर राहतील. आरसीसी कॉलम आणि बीममध्ये झिरी मारायची नाही, मालक कितीही म्हणाला तरी. आणि चार इंची भिंतीत दोन्ही खोल्यांचे बॉक्स समोरासमोर घ्यायचे नाहीत, मध्ये उरतं काय, पापड.

पायरी ४ : बॅटरी म्हणजे लग्न

वायरचं मशीन बिघडलं तर पुढचं दुसऱ्या कंपनीचं घेता येतं. बॅटरीचं तसं नाही. एकदा एका कंपनीच्या दोन बॅटऱ्या आणि चार्जर घेतला की पुढचं प्रत्येक मशीन त्याच कंपनीचं घ्यावं लागतं, कारण बॅटरी हीच सगळ्यात महाग वस्तू असते. म्हणून पहिलं कॉर्डलेस घेताना ते ड्रिल कसं आहे यापेक्षा त्या बॅटरीवर पुढे काय काय मिळतं ते बघायचं. तुम्हाला पुढे रोटरी हॅमर लागेल, ग्राइंडर लागेल, साइटला लाइट लागेल, कदाचित ब्लोअर. ही सगळी त्या बॅटरीवर तुमच्या शहरातल्या दुकानात मिळतात का, नुसती वेबसाइटवर नाही, दुकानात.

१८ आणि २० व्होल्टच्या घोळात पडू नका. आत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकामागे एक लावलेले असतात, झाले १८. पूर्ण चार्ज केल्यावर तेच २० च्या वर दिसतात, म्हणून कुणी डब्यावर २० मॅक्स लिहितं. एकच गोष्ट आहे. खरा फरक अँपिअर अवरचा, १८ व्होल्ट ४ एएच म्हणजे ७२ वॅट अवर, २ एएच म्हणजे ३६. स्क्रू आणि पत्र्याला २ ची हलकी बॅटरी बरी, हॅमर आणि ग्राइंडरला ४ किंवा ५ ची.

आणि फक्त प्लेटा, डीबी, पॅनल असलं काम असेल तर १२ व्होल्टचंच ड्रिल ड्रायव्हर घ्या. छोटं, हलकं, खिशाला परवडणारं, डीबीच्या आत हात घालून चालवता येतं. मी स्वतः दिवसभर १२ चंच वापरतो, १८ चं डब्यात पडून असतं, हॅमरचं काम आलं की निघतं.

इम्पॅक्ट ड्रायव्हरबद्दल पोरांना फार आकर्षण, टकटकटक आवाज आला की भारी वाटतं. सॅडल (पाईप धरायच्या पट्ट्या), ट्रे, चॅनलचे बोल्ट यासाठी उत्तम. पण एमसीबीच्या टर्मिनलला तो लावलात तर टर्मिनलचा आटा जातो किंवा आतली पट्टी वाकते, आणि ते लगेच कळत नाही, उन्हाळ्यात एसी चालू झाला की डीबीतून वास येतो. टर्मिनल हातानेच, आणि किती आवळायचं ते एमसीबीवर किंवा तिच्या कागदावर न्यूटन मीटरमध्ये छापलेलं असतं, मोठी कामं करायला लागलात की टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्या.

ऑनलाइन घेताना एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. फार स्वस्तात एक कॉर्डलेस हॅमर दिसला, रात्री अकरा वाजता ऑर्डर मारली, डबा आला, उघडला तर नुसतं मशीन, ना बॅटरी ना चार्जर. चूक माझीच, मॉडेल नंबर वाचला नव्हता. मकितामध्ये नंबरच्या शेवटी झेड असेल तर नुसती बॉडी, डिवॉल्टमध्ये एन, बॉशमध्ये सोलो असं लिहिलेलं असतं. तुमच्याकडे त्याच कंपनीच्या बॅटऱ्या आधीच असतील तर हेच घेणं शहाणपणाचं, पहिल्यांदाच घेत असाल तर किट घ्या.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अजून एक. वापरून तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावली की चार्जर दिवा लुकलुकवतो आणि चार्जच करत नाही, पोरं म्हणतात चार्जर गेला. गेला नाही, बॅटरी थंड व्हायची वाट बघतोय. सावलीत पंधरा-वीस मिनिटं ठेवा. गाडीच्या डिकीत दुपारभर बॅटरी ठेवू नका.

पायरी ५ : आता ब्रँड

बॉश. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारं, आणि त्याचं कारण मशीनपेक्षा पार्ट. तालुक्याच्या गावातसुद्धा कार्बन (मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे), स्विच, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) मिळतं आणि उघडून बसवणारा मेकॅनिक मिळतो. वायरवरचा पहिला रोटरी हॅमर मी डोळे झाकून नवीन माणसाला हाच सुचवतो, मशीन जगात भारी म्हणून नाही, बंद पडलं तर दुपारपर्यंत चालू होतं म्हणून. निळं म्हणजे धंद्याचं, हिरवं म्हणजे घरगुती. दोघांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकांत बसत नाहीत, हे ऑनलाइन स्वस्त हिरवी बॅटरी बघून उडी मारणाऱ्यांसाठी.

मकिता जपानची. १९१५ साली मोटर दुरुस्तीचं दुकान म्हणून सुरू झालेली कंपनी, आणि मोटर खरंच गोड चालते, हाताला कंप कमी जाणवतो. कॉर्डलेसमध्ये १८ व्होल्टवर त्यांच्याकडे इतकी मशीन्स आहेत की तुम्हाला लागेल ते मिळतंच. माझ्या स्वतःच्या बॅटऱ्या मकिताच्या. पण शहराबाहेर पार्टसाठी थांबावं लागू शकतं, तेव्हा तुमच्या गावात आधी विचारा. एम ने सुरू होणारी मॉडेलं ही त्यांची स्वस्त लाइन, वाईट नाहीत, पण तीच अपेक्षा ठेवू नका.

डिवॉल्ट पिवळं-काळं, ब्लॅक अँड डेकर आणि स्टॅनली या त्याच घरातल्या. दणकट, पडलं-आपटलं तरी चालतं, ग्राइंडर तर मला सगळ्यात आवडतो. हातात जरा जड. कंपनीच्या साइटवर काम करणाऱ्यांना, जिथे ट्रे आणि अँगल कापायचंय, मी हे सुचवतो.

हिकोकी म्हणजे जुनं हिटाचीच, २०१८ मध्ये नाव बदललं. जुन्या कारागिरांकडे हिटाचीचे पंधरा-पंधरा वर्षांचे हिरवे हॅमर अजून चालू आहेत. तुमच्याकडे डीलर असेल तर बिनधास्त.

हिल्टी लिख्टेनस्टाइनची, विकते ती थेट, गल्लीतल्या दुकानात शोधत बसू नका. महाग आहे, पण दिवसाला शंभर-दोनशे अँकर मारायचे असतील, मेट्रो, हॉस्पिटल, मॉल असली कामं, तर तिथे ती वसूल होते. दर महिन्याला ठरावीक पैसे देऊन मशीन वापरायची त्यांची योजना पण आहे. त्यांचा टीई-सी चक (बिट धरणारा भाग) असेल तर साधं एसडीएस प्लस बिटच बसतं, त्यामुळे बिटचं वेगळं टेन्शन नाही. पण पहिल्या वर्षात हिल्टी घेणं म्हणजे लुना शिकायच्या वयात बुलेट.

मिलवॉकी लाल. इलेक्ट्रिशियनच्या खास गोष्टी, बॅटरीवरचा क्रिम्पर (लग दाबायचं मशीन), केबल कटर, यात यांचं नाव मोठं. परदेशात, आखातात काम केलेले लोक यांच्याच गोष्टी सांगतात. गल्फला जायचा विचार असेल तर हातात धरून बघून ठेवा. इथे मात्र जवळ सर्व्हिस आहे का हे पक्कं केल्याशिवाय बॅटरीच्या लग्नात पडू नका.

केपीटी आपल्या शिरोळची, कोल्हापूर जिल्ह्यातली, पूर्वीची कुलकर्णी पॉवर टूल्स. फॅब्रिकेशनवाल्यांत जास्त चालते. मशीन साधं, दणकट. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात असाल तर दुकानात जाऊन एकदा विचाराच.

मग डोंगचेंग, इंगको, टोटल ही चिनी मंडळी. नाकं मुरडू नका. मार्बल कटर, ब्लोअर, कधीतरी लागणारा ग्राइंडर, हे यांचं घेतलं तर काही बिघडत नाही, कटर तसाही धुळीने मरतोच, मग महागाचा कशाला मारायचा. पण ज्या मशीनवर दिवसाची हाजरी अवलंबून आहे ते मशीन यांच्यातलं घेताना पार्ट मिळतात का ते आधी बघा. आणि ज्यांचं नावच कुणी ऐकलेलं नाही असली मशीन्स, रंग निळा आणि नाव बॉशसारखं वाटणारं, त्यांच्यापासून लांब.

असंच एक बिननावाचं मी सुरुवातीला घेतलं होतं. प्लास्टरवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार, आणि आदल्या दुपारी फील्ड कॉइल (मोटरची स्थिर गुंडाळी) जळाली, घरभर वास. दोन पोरं बसून, मी गावभर पार्ट शोधतोय. आजच्या भावाने हिशोब करा, समजा दोन माणसांची हाजरी दिवसाला अठराशे, दोन दिवस बसली म्हणजे छत्तीसशे गेले, वर प्लास्टरवाल्याच्या शिव्या. मशीन घेताना वाचवले होते त्याहून जास्त.

पायरी ६ : दुकानात

मुंबईत असाल तर मशीन आणि हार्डवेअरसाठी नागदेवी, वायर-स्विचसाठी लोहार चाळ. पुण्यात इलेक्ट्रिकचा माल तपकीर गल्लीत. मोठ्या बाजारात भाव करता येतो, पण वॉरंटीच्या वेळी त्याच गल्लीत परत जायचंय का हा विचार करा, मी दोन-तीनशे रुपये जास्त देऊन जवळच्या डीलरकडूनच घेतो, तो मशीन बिघडलं तर स्वतःचं एखादं जुनं दोन दिवस वापरायला देतो. हे कुठल्याही वॉरंटी कार्डावर लिहिलेलं नसतं.

पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला चार प्रश्न. याची आर्मेचर आत्ता दुकानात आहे का? कार्बनची जोडी आत्ता द्या. सर्व्हिस सेंटर कुठे, तुम्ही पाठवणार की मी न्यायचं? आणि वॉरंटी ऑनलाइन नोंदवावी लागते का, किती दिवसांत? पहिल्या प्रश्नाला तो इकडे-तिकडे बघायला लागला तर उत्तर मिळालं.

पक्कं बिल घ्या, सिरियल नंबर लिहिलेलं. बिलाशिवाय थोडं स्वस्त देतो म्हणतात, पण मग वॉरंटी गेली, आणि जीएसटी नंबर असेल तर १८ टक्क्यांचं क्रेडिटही गेलं. डब्यावरचा आणि मशीनच्या पट्टीवरचा नंबर एकच आहे ना बघा, डुप्लिकेट माल खूप फिरतो, बिट आणि ब्लेडमध्ये तर जास्तच.

सगळे पैसे मशीनमध्ये घालू नका. हाताची हत्यारं तापडियाची घेतलीत तरी चालेल, नाशिकचीच आहेत, पण लाइव्ह कामाला १००० व्होल्टचा शिक्का असलेलाच इन्सुलेटेड पकड-स्क्रूड्रायव्हर. कॅट ३ (मीटरच्या सुरक्षेचा दर्जा) चा मल्टिमीटर किंवा क्लॅम्प मीटर. आणि जमलं तर ५०० व्होल्टचा मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर), घरगुती वायरिंगला किमान १ मेगाओहम यायला हवा, आणि हे आकडे कागदावर लिहून ग्राहकाला दिले की पुढचं काम त्या कागदावरच मिळतं, मशीनचा रंग कोणी बघत नाही. जुन्या घरात होल पाडायच्या आधी भिंतीतली वायर शोधायचं यंत्र, बॉशचा जीएमएस १२० वगैरे, ५० मिमी खोलपर्यंत चालू वायर दाखवतो. चालू म्हणजे सप्लाय असलेली, एमसीबी पाडून शोधलंत तर ती वायर म्हणून दिसणार नाही. आधी शोधा, खूण करा, मग एमसीबी पाडा आणि मग होल.

पायरी ७ : साइटवर

मशीनं जळतात त्यातली बरीचशी कंपनीच्या चुकीने नाही, आपल्या एक्स्टेन्शनमुळे जळतात. हिशोब करून बघा, १४०० वॅटचा चेझर म्हणजे ६ अँपिअर. ५० मीटर लांब १ स्क्वेअरची (१ चौरस मिमी) वायर असेल तर जाऊन-येऊन सुमारे २ ओहम, म्हणजे १२ व्होल्ट वायरीतच गेले, आणि चालू करताना करंट कितीतरी जास्त. त्यात गावाकडे सप्लायच २०० येत असेल तर मोटर दम खात चालते, तापते. २.५ स्क्वेअरची लवचीक थ्री कोअर घ्या, तिथे हाच ड्रॉप ५ व्होल्टच्या आत येतो. ड्रम पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. बोर्डमध्ये ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) घालाच, दुसऱ्यांच्या घरात लावतो आणि स्वतःच्या बोर्डात नाही हे काय.

मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे डबल इन्सुलेशन, त्याला अर्थिंगची वायर नसते, टू पिनच असतो. नवीन पोरं त्याला थ्री पिन लावून अर्थ कुठे जोडू विचारतात. कुठेच नाही.

कार्बन संपत आले की मोटरच्या जाळ्यांतून ठिणग्या जास्त दिसतात आणि मशीन मध्येच बंद-चालू होतं, तेव्हाच बदला, दोन्ही एकदम. झिजलेल्या कार्बनवर ओढत राहिलात तर आर्मेचर जातं, आणि मग गल्लीत बांधून मिळतं खरं पण ते मूळच्याइतकं टिकत नाही. एसडीएस बिटच्या दांडीला दर वेळी थोडं ग्रीस, बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. काम झालं की ब्लोअरने मशीनच्या जाळ्यांतली धूळ उडवा. कोकणात काम करत असाल तर पावसाळ्यात चकला गंज पकडतो, रात्री बिट काढून ठेवत जा.

नवीन मशीन घरी आलं की पहिल्या दिवशी एवढं करा. दहा मिनिटं रिकामं चालवून आवाज ऐका, बिलाचा आणि सिरियल नंबरचा फोटो काढून स्वतःलाच पाठवून ठेवा, वॉरंटी नोंदवा, आणि मशीनच्या बुडाला ऑइल पेंटने मोठं नाव लिहा. वेगळ्या रंगात. साइटवर सगळ्यांचे हॅमर निळेच असतात.